अकरा जणांना पाठवा
कपाटात आज एक पिवळे पडलेले पोस्टकार्ड सापडले आणि जुनी लाज परतली. कळमनुरीत असताना मी औंढा नागनाथाची वेबसाइट केली होती. ती कोणी पाहीना, म्हणून पानाखाली ई-मेलची लिंक देऊन लिहिले, ‘हे अकरा जणांना पाठवा, अन्यथा संकट येईल. इथे क्लिक करा.’ पुसेगावच्या मामांना ती अभिमानाने दाखवली. वाचून त्यांनी कागद-पेन मागून घेतले. आठवड्याने त्यांचे हे कार्ड आले. सारा मजकूर हाताने उतरवलेला, ‘इथे क्लिक करा’ अधोरेखित. मी धावत जाऊन कबूल केले, “मामा, ते संकटाचं मीच लिहिलं.” “अरे, देवानंच लिहून घेतलं तुझ्याकून,” मामा म्हणाले. “माझे अकरा गेले. तू पाठवले का न्हाई?” ती ओळ मी त्याच दिवशी पुसली. मात्र आधी अकरा पोस्टकार्डे टाकली, हे आज प्रथमच सांगतो आहे.