शालूचा संसार सिनेमात मावला नाही

शालू गेल्याचं मला एका फोटोवरून कळलं. विलासरावांचा, तिच्या नवऱ्याचा, फोन यायच्या आधीच तो मोबाईलवर येऊन पडला होता. मातीतून सरपटणारी शालू, खरचटलेलं कोपर, आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली, जिद्दीला सलाम’. पाठवणारा होता तिच्यावर सिनेमा काढणारा पुण्याचा दिग्दर्शक. रडू यायच्या आधी मला किळस आली... महिना उलटला, ती किळस अजून गेलेली नाही.

शालू माझी शाळेपासूनची मैत्रीण. पोलिओने दोन्ही पाय लहानपणीच गेलेले. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावात तिची पिठाची गिरणी. कुबड्या टेकत दारापर्यंत यायची, तीनचाकी स्कूटरवर बसायची आणि कोंबड्यांवर हॉर्न वाजवत गिरणी गाठायची. तोंडाने फटकळ. विलासराव सुप्याला कंपनीत कामाला. घरच्यांशी भांडून त्यांनी हिच्याशी लग्न केलेलं. दोघांची भांडणं साऱ्या आळीला ऐकू जायची, हसणंही.

तो दिग्दर्शक कॅमेरा घेऊन आला तेव्हा आम्ही सगळे हरखलो होतो. दुसऱ्याच दिवशी त्याने तिला गिरणीपर्यंत जमिनीवरून सरपटत जायला सांगितलं.

“मी काय अशी जाते व्हय रे गिरणीला?”

“ताई, एकदाच. तुमचा संघर्ष लोकांना दिसायला हवा.”

पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती गेली. मग उजेड नीट नव्हता म्हणून त्याने तिला पुन्हा सरपटायला लावलं.

अपंगांवरचे सिनेमे हल्ली बहुतेक महोत्सवांत असतात. पुण्याच्या महोत्सवात शालूवरचाही लागणार होता, म्हणून शालू, विलासराव आणि मी असे आम्ही तिघं गेलो. सकाळी एका मूकबधिर बाईने स्वतः काढलेला छोटा सिनेमा पाहिला. त्यात मूकबधिर नवरा-बायको हातवारे करून कडाकडा भांडतात, आणि बायको चिडून सरळ डोळेच मिटून घेते. आता काय भांडशील! शालू खदाखदा हसली. म्हणाली, “ह्ये आमच्यासारखं हाय बघ.”

दुपारी तिचा लागला. सरपटण्याने सुरू झाला, सरपटण्यानेच संपला. स्कूटर नाही, हसणं नाही, विलासराव तर नाहीतच. पडद्यावर एक एकटी, बिचारी बाई, आणि अंधारात लोकांचं मुसमुसणं. विलासराव मात्र आपण कुठेतरी दिसू म्हणून शेवटपर्यंत पडद्याकडे बघत होते...

मग महोत्सवाच्या चौघा कार्यकर्त्यांनी तिला न विचारता खुर्चीसकट उचलून स्टेजवर नेलं, सामान न्यावं तसं. तिने माईक ओढून घेतला.

“ही बाई मी न्हाई. माझी स्कूटर कुठं हाय? माझा नवरा कुठं गेला? त्यो हितंच बसलाय, जित्ता!”

मग सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या! तिचा संतापसुद्धा त्यांनी पेढ्यासारखा तोंडात टाकला. परतताना ती गाडीत एवढंच म्हणाली, “लई घाण वाटतंय गं. कवा एकदा अंग धुईन असं झालंय.”

पुढे न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत शालू गेली. तेराव्यानंतर दिग्दर्शकाचा फोन आला. नगरला श्रद्धांजली म्हणून तोच सिनेमा दाखवायचा होता. विलासराव नको म्हणाले.

“काका, तो सिनेमा आता समाजाचा आहे.”

“सिनेमा आसंल समाजाचा. बायको माझी हुती.”

तरीही दिग्दर्शकाने तो लावलाच. फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या, आणि मेलेल्या शालूला पुन्हा एकदा मातीतून सरपटवलं. मला बोलावणं होतं. मी गेले नाही, विलासरावांकडे गेले.

ते स्वयंपाकघरात होते. तिथला ओटा शालूच्या बसल्या हाताला येईल असा, जेमतेम गुडघ्याएवढा. त्याच्यावर पार वाकून ते भाकरी थापत होते.

“आता तरी उंच करून घ्या,” मी म्हटलं. “कंबर जाईल.”

“राहू द्या, बाई. तिच्याशी भांडायचं म्हनलं तरी मी हितं खालीच बसायचो. उभं राहून भांडलेलं तिला चालायचं न्हाई.”

मग त्यांनी पायाने पाट ओढला, ओट्यापाशी खाली बसले आणि भाकरी उलटली.