शीत शीत वेचणारा विलास

सातासमुद्रापारच्या वेरिबी गावापासून तासाभराच्या वाटेवर एक माळ आहे. त्या माळावर मातीचे तीन बुटके उंचवटे आहेत, आणि त्या मातीच्या कुशीत या भूमीचे आदिवासी पूर्वज हजारो वर्षे निजलेले आहेत. त्यांच्या उशापायथ्याचे गवत कापतो आमचा विलास. शिकायला आला आणि इथलाच झाला. तिथे यंत्र नेत नाहीत, म्हणून हाती विळा. बूट कुंपणाबाहेर, आधी नमस्कार, मग विळा. असे त्याचे प्रेम.

कुंपणाची किल्ली त्याला दिली आंटी जून यांनी. त्या निजलेल्यांच्याच वंशज. विलास त्यांना मावशी म्हणतो.

गेल्या सर्वपित्री अमावास्येला त्याला राहवले नाही. वरणभात, वडे, खीर असे साग्रसंगीत पान वाढले आणि थेट उंचवट्याच्या पायथ्याशी ठेवले. कावळे आले, जेवले, भात उधळून गेले. दुपारी मावशी आल्या.

"हे कुणाचं काम?"

"माझं, मावशी. आज आमच्यात पितरांना जेवू घालतात."

"आमच्यात इथे काही आणत नाहीत. अन्नाच्या वासाने कोल्हे येतात, विलास. आणि कोल्हे उकरतात."

विलासने उधळलेल्या भाताकडे पाहिले. ज्यांना गोड घास द्यावा, त्यांचीच झोपमोड.

"किल्ली दे," मावशी म्हणाल्या.

"देतो. आधी हे वेचू द्या."

त्याने गुडघे टेकले. जपमाळेचा मणी ओढावा तसे एक शीत, मग दुसरे शीत. गवताच्या पात्यापात्यातून, मुळामुळातून. तास झाला, दोन झाले. मावशी घडीची खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"डावीकडे एक राहिलं," त्या म्हणाल्या.

"पाहिलं, मावशी."

"पाहिलं नाहीस. अंगठ्याखाली आहे."

शेवटी त्याही उठून वाकल्या. "माझे गुडघे गेले, तर मला उचलून गाडीत तू घालायचंस."

सूर्य कलला. विलासने किल्ली पुढे केली. मावशींनी त्याची मूठ मिटवली.

"ठेव तुझ्याकडे. इतकं बारीक बघणारा दुसरा कुठे शोधू? पुढच्या वर्षी फाटकाबाहेर, माझ्या गाडीच्या बॉनेटवर. उरलेलं घरी न्यायचं."

यंदा पान बॉनेटवर मांडले. कावळा तारेवर मान वाकडी करून बसला, खाली येईना. तेवढ्यात मावशींनीच पहिला वडा उचलला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या आणि दुसरा घेतला.

विलासने माळाकडे वळून हात जोडले. पितर जेवले होते.