अडतीस नंबरचा शर्ट

बायांनो, आज काय झालं ते सांगते.

मिरजेत आमचं शिवणकामाचं दुकान हाय. लढाईमुळं सध्या नुसते पलटणीचे शर्ट शिवतोय. विलायतेहून आलेल्या कागदी नमुन्यावर अडतीस लिहिलेलं. आपल्याकडं शिंपी तयार शर्टाची छाती लिहितो. पण नमुना मोजला तर बेचाळीस इंच भरला. आमचे हे म्हणाले, "सायबाची चूक झाली," आणि नमुना दोन्ही बाजूंनी अडतीसला छाटून त्यांनी कापडाचे गठ्ठेच्या गठ्ठे कापले.

आज माझा धाकटा भाऊ दत्तू रजा संपवून पलटणीत परत निघाला. त्याची छाती बरोबर अडतीस. गंमत म्हणून त्यानं त्यातला एक शर्ट चढवला, हात वर केले, आणि बटण तुटून उडालं.

"आक्का, ह्यात बंदूक खांद्याला कशी लावू गं?"

तवा उमगलं. ते अडतीस शर्टाचं नव्हतं, माणसाच्या उघड्या छातीचं होतं. वरचे चार इंच हात हलवायला ठेवलेले.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पहिली खेप कालच रेल्वेनं गेलीय.

दत्तूचीही गाडी गेली. तिकडं त्याला नवा शर्ट मिळणार हाय.

बायांनो, तो आमच्या दुकानातला नसंल ना?