दारातली वांझ शिंदी

माझ्या काकाइतका उर्मट माणूस मी लोणारच्या आसपास दुसरा पाहिला नाही. जमीन भरपूर, आवाज मोठा, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही मूल नाही. त्याचा राग तो काकूवर काढायचा; उरलाच तर दारातल्या शिंदीवर, म्हणजे रानखजुरीवर. ती दरवर्षी फुलायची, अंगणभर पांढरा भुगा सांडायची, पण फळ कधी धरलं नाही. दोघी एकाच जातीच्या, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. काकू त्याच शिंदीच्या पानांच्या फड्याने अंगण झाडत राहायची.

महाराष्ट्र नवाच झाला होता. काकाने दुसरं लग्न ठरवलं. कायद्याने बंदी होती, पण कायदा काही एस.टी.त बसून आमच्या गावापर्यंत येत नव्हता. नवी आली की काकूने गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचं, असं ठरलं. आमच्याकडे नवरदेवाचं बाशिंग शिंदीच्या पानांचं. वांझ झाडाची पानं कपाळाला नकोत म्हणून नाल्यावरच्या फळत्या शिंदीची मागवली, आणि दारातलीला कुऱ्हाड लावायचं फर्मान सुटलं.

मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होतो. आमचे पुण्याचे प्राध्यापक माझ्या वऱ्हाडी ‘मले-तुले’ला हसायचे, त्यामुळे तेही माझ्या डोक्यातच जायचे. पण नावं चोख सांगत. ताड, माड, सुपारी, शिंदी सगळ्यांचं कूळ एक. त्याला पामी म्हणत, आणि सुपारीच्या ‘ॲरेका’ या नावावरून ॲरेकेसीही. शिंदी म्हणजे फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. मी नेलेला तुरा त्यांनी भिंगाखाली धरला. नुसते पुंकेसर, फळ धरणारा बीजकोश नाहीच. शिंदीत नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि आमचं नर होतं. पपईतला नर आमच्या गावात कुणीही ओळखायचा. शिंदी मात्र कुणी लावत नाही, आपसूक उगवते, म्हणून तिच्याकडे कुणी निरखून पाहिलंच नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी बैठकीत सगळ्या भावकीसमोर मी हे सांगितलं. मला काकाचं तोंड पाडायचं होतं, दुसरं काही नाही. काका हसला. काकू चहाचे कप उचलत होती, ती थांबली.

"म्हंजे फुलते, पन फळत नाही, ते झाड गडी हाये?" तिने मला विचारलं.

"हाव, काकू."

"मंग आपल्या घरातलं वांझ कोन, ते बी एकडाव भिंगातून पाहून घ्या."

काका उठला आणि त्याने स्वतः कुऱ्हाड घेऊन शिंदी तोडली. घामाघूम होईपर्यंत घाव घालत होता. दुसऱ्या दिवशी बाशिंग बांधून बोहल्यावर चढला.

नव्या काकूलाही मूल झालं नाही. काही वर्षांनी गाव तिलाही वांझ म्हणू लागलं. दोघी मग गोठ्याशेजारच्या त्याच खोलीत राहत. काकाला काय म्हणायचं, त्याला मात्र आमच्या गावात शब्दच नव्हता.