साहेबांचं इंग्रजी मी बोलले

त्या खासदारांची संसदेतली पाच वर्षांची कामगिरी छापील वृत्तांतात शोधायला गेलात तर फार वेळ लागणार नाही. प्रश्न पुष्कळ सापडतील, भाषणं थोडी. त्यांतल्या मराठी भाषणांचं इंग्रजी माझं आहे. हे मी फुशारकीने सांगत नाही. ती माझी नोकरी होती.

नव्वदच्या दशकात मी संसदेत मराठीची दुभाषी होते. एखाद्या सदस्याला सभागृहात मराठीत बोलायचं असेल तर त्याने आधी कळवायचं. मग मी वरच्या काचेच्या खोलीत जाऊन हेडफोन लावायची आणि त्याच्या मागे अर्ध्या वाक्याच्या अंतराने इंग्रजीत बोलत राहायची. ज्यांना मराठी येत नाही ते बाकाला जोडलेलं यंत्र कानाला लावून माझं ऐकत. छापील वृत्तांतात मूळ मराठी येतच नसे. ‘मराठीत केलेल्या भाषणाचं इंग्रजी भाषांतर’ एवढी ओळ, आणि खाली माझी वाक्यं. गावाकडे साहेब दिल्लीत मराठीत गरजले म्हणून हार घालत. दिल्लीच्या दप्तरात साहेब माझ्या आवाजात, माझ्या शब्दांत बोलत.

नोकरी कायम नव्हती. प्रत्येक अधिवेशनाला नव्याने बोलावणं यायचं. मुनिरकाची भाड्याची खोली सोडून आम्ही नुकतंच दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेत, सोसायटीत घर घेतलं होतं आणि ते माझ्या पगारावर उभं होतं. नवऱ्याची खाजगी कंपनी तेव्हा दर दिवाळीला बंद पडण्याच्या बेतात असे. त्यामुळे पुढच्या अधिवेशनाचं पत्र येतं की नाही, यापलीकडे मला देशाच्या राजकारणाची फारशी फिकीर नव्हती.

या खासदारांचे प्रश्न त्यांचा पीए लिहायचा. कोऱ्या अर्जांवर सह्या घेऊन ठेवलेल्या असत. ज्या दिवशी ज्या खात्याचा वार, त्या खात्यावर प्रश्न. मतदारसंघापासून समुद्र दोन जिल्हे लांब, पण मासेमारीच्या जाळ्यांबद्दल साहेबांना भारी काळजी. प्रश्नांची सोडत निघते. एकदा त्यांचा प्रश्न सोडतीत अगदी वर आला, म्हणजे मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं आणि साहेबांनी त्यावर उपप्रश्न विचारायचा. अध्यक्षांनी नाव पुकारलं. बाक रिकामा. पीए नंतर मला म्हणाला, “साहेबांना वाटलं, प्रश्न टाकला म्हणजे झालं.”

तर असे हे साहेब एका हिवाळी अधिवेशनात मराठीत बोलणार असल्याचं कळलं. त्यांच्या मतदारसंघात निर्यातीच्या कारखान्यांसाठी जमिनी घेण्याचं घाटत होतं. सरकार त्यांच्याच पक्षाचं, मंत्रीही त्यांच्याच पक्षाचे. गावं चिडलेली होती.

पीए जेवणाच्या सुट्टीत आमच्या खोलीत आला. हातात टाईप केलेले कागद.

“मॅडम, हे साहेबांचं भाषण.”

मी चाळलं. “हे तर इंग्रजीत आहे.”

“तुम्हाला त्रास नको म्हणून साहेबांनीच करून घेतलं. तुम्ही फक्त वाचायचं. साहेब बसले की तुम्हीपण थांबायचं. बिल्कुल टेन्शन नाही.”

इतर सदस्य मराठी टिपण देत, बहुतेकदा पाकिटाच्या पाठीवर. कोणी आयतं इंग्रजी आणून देण्याइतकं प्रेम आमच्यावर कधी केलं नव्हतं. मी वाचून पाहिलं. सरकारच्या औद्योगिक धोरणाचं अभिनंदन, मंत्रिमहोदयांच्या दूरदृष्टीबद्दल आभार आणि शेवटी मोबदल्याचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. दोन पानं साखर.

आमच्या धंद्यात कागदाबद्दल एक नियम आहे: कागद जवळ ठेवायचा, कान सभागृहात. तो न पाळल्याने एका जुन्या सहकाऱ्याचं काय झालं ते आमचे प्रमुख प्रत्येक नवीन माणसाला सांगत. सदस्याने दिलेलं भाषण तो डोकं खाली घालून वाचत होता. सदस्याने मध्येच दोन परिच्छेद गाळले, संपवलं आणि खाली बसला. हा आपला वाचतोय. खाली बसलेल्या सदस्याच्या तोंडून आणखी बराच वेळ देशाची आर्थिक स्थिती बाहेर पडत होती आणि कानाला यंत्र लावलेले सदस्य इकडेतिकडे बघत होते. आमचे प्रमुख कलकत्त्याचे, फार क्वचित हसणारे, पण हे सांगताना हसत.

साहेब उभे राहिले. कोट नवा होता. आधी त्यांनी कॅमेरा कुठे आहे ते पाहून घेतलं. या भाषणाची कॅसेट गावोगाव दाखवायची ठरलं होतं, हे मला नंतर कळलं. मग त्यांनी आवाज लावला.

“अध्यक्ष महाराज, ही जमीन काय सरकारच्या बापाची आहे का? आमच्या पोरांच्या तोंडचा घास काढून तुम्ही परदेशी कारखानदारांना ताट वाढताय! मंत्रिमहोदय, तुम्ही त्यांच्या ताटाखालचं मांजर झालात! माझ्या लोकांचा एक गुंठा जरी गेला ना, तर हा माणूस या सभागृहात राहणार नाही. राजीनामा तुमच्या टेबलावर फेकून गावाला जाईन!”

कागदावरचं आणि कानातलं यांचा काडीचाही संबंध नव्हता. मी कागद पालथा घातला आणि ऐकलं ते बोलायला लागले. बाप आला, घास आला. मांजर इंग्रजीत जसंच्या तसं जात नाही, तेव्हा मंत्री कारखानदारांचे मिंधे झाले आहेत असं सरळ सांगितलं. राजीनाम्याला कुठल्याही भाषेत अडचण नव्हती. मंत्री फायलीत मान घालून बसले होते. कानाला यंत्र सवयीने लावलेलं. मिंधे म्हटल्यावर त्यांनी फाईल मिटली. राजीनाम्यावर विरोधी बाकांनी मेजं बडवली. साहेबांना वाटलं, मराठी ऐकूनच सगळे पेटले. ते आणखी चढले.

संध्याकाळी पीएने मला बाहेरच्या व्हरांड्यात बोलावलं. साहेब खांबापाशी उभे होते.

“बाई, तुम्हाला कागद दिला होता ना?”

“दिला होता.”

“मग?”

“त्यातलं एक वाक्यही तुम्ही बोलला नाहीत.”

“मी काय बोलतो त्याचा तुमच्याशी काय संबंध?” साहेब म्हणाले. “मराठी आमच्या लोकांसाठी असते. इंग्रजी इथल्यांसाठी. एवढं साधं कळत नाही, आणि सरकार तुम्हाला पगार देतं?”

मला ते खरंच तेव्हाच कळलं. एकाच वेळी दोन भाषणं करायची होती त्यांना. शिव्या गावासाठी, साखर दप्तरात. आणि मधला नळ मी.

“साहेब, मी ऐकते ते बोलते. तुम्ही विनंती केली असती तर मी विनंती सांगितली असती.”

“मंत्र्यांनी मला बोलावून घेतलंय. तुम्ही लिहून द्या, ऐकण्यात चूक झाली म्हणून.”

“झाली नाही.”

“ताई,” पीए मध्ये पडला, मॅडमची ताई झाली होती, “आपलीच माणसं आहेत ना आपण? दिल्लीत मराठी माणसानंच मराठी माणसाचे पाय ओढायचे?”

“पाय मी नाही ओढले. तोंड त्यांनी उघडलं.”

साहेबांनी शाल सावरली. “पुढच्या अधिवेशनाला तुम्ही त्या काचेच्या पेटीत दिसता का, बघतो मी.”

चार्टर्ड बसने मी घरी पोचले. सोसायटीच्या दारात टँकर उभा होता आणि बाया बादल्या घेऊन रांगेत. नळ होते, त्यांना पाणी यायचं बाकी होतं. जवळच्या गावातला दूधवाला चरवी घेऊन जिन्यापाशी थांबला होता. आमची सोसायटी ज्या शेतांवर उभी होती त्यांतलं एक त्याचं होतं, आणि तो हे एकही दिवस विसरू देत नसे.

“मॅडमजी, ये जो आपका किचन है ना, यहाँ मेरी भैंस बँधती थी. उसको पानी रोज मिलता था,” तो म्हणाला. मग दूध मापताना विचारलं, “आज क्या हुआ पार्लियामेंट में?”

“जमीन पर भाषण था,” मी म्हणाले. “हमारी तरफ का एम. पी. बोला. जमीन नहीं देंगे बोला.”

“अच्छा बोला?”

“जोर से बोला.”

“हमारे वाला भी बोला था,” तो म्हणाला. “बहुत बढ़िया बोला था.” आणि पुढच्या जिन्याकडे गेला.

जेवताना मी घरी सगळं सांगितलं तेव्हा मुलीने विचारलं, “आई, गुंठा मतलब क्या होता है?” दिल्लीत वाढलेली पोर. मी सांगितलं, आपल्या सोसायटीची इमारत काही थोड्या गुंठ्यांत बसते. “बस?” म्हणाली. नवऱ्याने मात्र एकच प्रश्न विचारला, “पत्र येईल ना पुढचं?” मी पोळी वाढली.

साहेबांनी तक्रार केलीच. भाषणाचा मसुदा सदस्याकडे दुरुस्तीला जातो. एखादं नाव चुकलं, एखादा शब्द राहिला, तर त्याने सुधारायचा. आशय बदलायचा नाही. साहेबांनी माझ्या परिच्छेदांवर आडव्या रेघा मारून पीएची दोन पानं टाचणीने लावून पाठवली होती. सोबत तक्रार: दुभाषी बाईंना मराठी समजत नाही, मसुद्यातली वाक्यं आपली नाहीत, या बाईंना पुन्हा नेमू नये.

प्रमुखांनी मला समोर बसवलं. “टेप आहे,” ते म्हणाले. “पण टेप ऐकून निवाडा करणारा मराठी जाणणारा दुसरा माणूस मला आणावा लागेल. तो साहेबांच्या ओळखीचा निघाला तर?” त्यांची अडचण खरी होती. सदस्य तो सदस्य, आम्ही अधिवेशनापुरत्या.

“टेप नंतर ऐका,” मी म्हणाले. “आधी त्यांना एवढंच विचारा, की यातली कोणती वाक्यं आपण बोललो नाही? ती वाक्यं मराठीत लिहून खाली सही करून द्यावी. ‘मी राजीनामा देईन असं म्हणालो नाही.’ एवढं.”

“मराठीत का?”

“भाषण मराठीत होतं. तक्रारही मराठीबद्दल आहे.”

प्रमुखांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कॅसेटची माहिती नव्हती. मला एव्हाना झाली होती. संसदेच्या कँटीनमध्ये पीए लोक एकमेकांपासून काही लपवत नाहीत. त्या आठवड्यात साहेबांच्या गावांत ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर साहेब राजीनामा टेबलावर फेकत होते आणि लोक शिट्ट्या मारत होते. अशा वेळी स्वतःच्या सहीचा मराठी कागद, की मी असं काही बोललोच नाही! तो कागद विरोधकांच्या हाती किती दिवसांत पडला असता, हे पीएला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

प्रमुखांचं पत्र गेलं. उत्तर आलं नाही. पीए आला.

“साहेब म्हणतात, राहू द्या. तुमचं घरदार आहे, उगाच कशाला.”

“तक्रार मागे घेतली असं लिहून आणलंय?”

त्याने खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. “फार कडक आहात हो तुम्ही.”

“तुमच्या साहेबांना सांगा, मराठी समजते मला.”

भाषण जसं होतं तसं छापलं गेलं. पुढच्या अधिवेशनाचं पत्र मला आलं, त्याच्या पुढचंही. साहेब त्यानंतर मराठीत बोलले नाहीत. मतदारसंघातल्या जमिनी गेल्या तेव्हा ते हिंदीत उभे राहिले, मोबदल्याबद्दल दोन शब्द बोलले, मंत्र्यांचे आभार मानले. हिंदीला माझी गरज नव्हती. राजीनाम्याचं कोणी विचारलं नाही. विरोधी बाकांना त्या दिवशी दुसरी कामं होती.

निवडणूक आली तेव्हा पीएने एक चकचकीत पुस्तिका आणून दिली: संसदेतला आपला बुलंद आवाज. मुखपृष्ठावर नवा कोट. मासेमारीचे प्रश्न होते, आणि मधल्या पानांवर ते भाषण. मूळ मराठी कुठे टिपलेलं नव्हतं आणि तोपर्यंत कॅसेटवर कोणीतरी लग्नाचं शूटिंग चढवलं होतं, म्हणून पीएने माझ्या इंग्रजीवरून पुन्हा मराठी केलं होतं. घास गेला होता, मांजर गेलं होतं. ‘माननीय मंत्री उद्योगपतींच्या उपकारांखाली आहेत’ असं काहीतरी उरलं होतं. राजीनामा तर पूर्णच गाळला होता.

“कसं झालंय?” त्याने विचारलं.

“तुम्हाला इंग्रजी बरं येतं,” मी म्हणाले. “राजीनामा बाकी तुमच्या नजरेतून सुटला.”

“जागा कमी पडली, मॅडम.”

साहेब पुन्हा निवडून आले, दुसऱ्या पक्षातून. पहिल्या दिवशी मी वर काचेच्या खोलीत होते. शपथविधीला काम नसतं, पण हजेरी असते. एकेक सदस्य पुढे येत होता. साहेब आले, आधी कॅमेरा पाहिला, मग मान वर करून आमच्या काचेकडे पाहिलं. शपथेचा मराठी मसुदा त्यांच्या हातात दिला गेला. शपथेला दुभाषी लागत नाही. मी हेडफोन गळ्यात घालून बसले आणि साहेबांनी तो कागद अगदी दिल्याबरहुकूम, शब्द न् शब्द, खणखणीत वाचला.