तिसऱ्या नटाचा आवाज

बेळगुंदीची भाजी बेळगावला न्यायला आम्ही जुनी पिकअप घेतली, आणि एके दिवशी हिंडलग्याजवळ ती मिसिंग मारायला, म्हणजे अडखळत चालायला लागली. गुडघे गेल्यापासून आप्पांचं, माझ्या वडिलांचं, शेत सुटलं होतं, म्हणून ते माझ्याबरोबर गाडीत बसायचे. त्या दिवशीही होते.

गॅरेजातल्या मेस्त्रीनं इंजिन चालू ठेवून डिझेल सोडणाऱ्या एकेका नोझलचा नट सैल केला. नट सैल झाला की ते नोझल बंद पडायचं आणि इंजिन जास्तच अडखळायचं. तिसऱ्याला मात्र आवाज तसाच राहिला.

"ह्योच काम करंना झालाय," तो म्हणाला. "असला काय, नसला काय, इंजनाला पत्ताच न्हाय."

"माझ्यागत," आप्पा म्हणाले.

असलं बोलणं मला सोसत नाही. मी त्यांच्यावर खेकसलो.

नोझल बदललं, गाडी सुधारली. पुढं आप्पा माझ्या बहिणीकडं, आक्काकडं, निपाणीला राहायला गेले. त्याच संध्याकाळी म्हैस पान्हा सोडेना. धार रोज आईच काढायची; आप्पा नुसते गोठ्यातल्या कट्ट्यावर बसून म्हशीशी बडबडायचे. आईनं चुचकारलं, मी पेंड ठेवली. म्हैस आपली रिकाम्या कट्ट्याकडं बघत उभी. मी तिथूनच फोन लावला.

"आप्पा, आवाज बदललाय."

"गाडीचा व्हय रं?"

"न्हाय. घराचा."