चित्रातलं पाणी

संग्रहालयातल्या त्या जुन्या जलरंगातल्या चित्राखाली एवढंच लिहिलं होतं: ‘नदीवरचा पूल. चित्रकार अज्ञात, स्थळ अज्ञात.’ ते वाचून माझी आत्या चिडलीच.

“अज्ञात काय? आमच्या गावचा कृष्णेवरचा पूल आहे हा! तिसरी कमान बघ, मधे खडक आला म्हणून अरुंद बांधलीय. आणि हा चित्र काढणारा बसला होता आमच्या धुण्याच्या दगडावर. तिथूनच पूल असा तिरका दिसतो.”

मला चित्रांतलं कळतं, असा माझा समज. कागद, रंग, काळ असं काहीबाही मी तिला सांगणार, तेवढ्यात तिनं विचारलं, “रंग कालवायला पाणी कुठलं घेतलं असेल रे यानं?”

पायाशी नदी वाहत असताना माणूस घरून पाणी कशाला आणेल? मी वाकून पाहिलं, तर निळ्या रंगात तांबूस मातीचे बारीक कण सुकून बसले होते. कुठल्याशा दुपारी ओंजळभर कृष्णा या कागदावर आली होती. पाणी उडून गेलं, गाळ तेवढा राहिला.

एसटी पुलावर आली की जोडते, तसे आत्यानं हात जोडले.

मघापासून “आजी, काचेला हात लावू नका” म्हणणारा पहारेकरी लगबगीनं जवळ आला. “कुठली नदी म्हणालात?”

“कृष्णा.”

त्यानं टोपी काढून काखेत धरली आणि काचेपासून हातभर अंतर राखून नमस्कार केला.